देठ दाखव

ओटमार ऐखहॉर्नना आमच्या गावातली पोरं पाठीमागे 'देठ दाखव' म्हणायची. पोरंच काय, आम्ही बायकाही म्हणायचो. मी तर सगळ्यांत जास्त, कारण माझ्या जिभेला तेव्हाही हाड नव्हतं आणि आताही नाही.

आमचं गाव थुरिंगियाच्या जंगलात, चढावर. ओटमारकाका आणि त्यांची बायको फ्रीडाकाकू यांचं घर आमच्या शेजारी, मध्ये नुसतं कुंपण. ते सुतार. खिडक्या, जिने, पलंग आणि गावातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाची पेटी. शेडच्या दारावर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती : 'अळंबी तपासणी. बुधवार आणि रविवार, चार ते सहा.' त्या काळात प्रत्येक गावात असा एक नेमलेला माणूस असायचा. जंगलातून आणलेली टोपली त्याला दाखवायची, तो एक एक अळंबी बघायचा, वहीत लिहायचा, शिक्का मारायचा. त्याबद्दल काका कुणाकडून एक अंडंही घेत नसत.

ही ब्याद त्यांनी गळ्यात का घेतली, ते माझ्या आईनं सांगितलं होतं. दुसरी मोठी लढाई संपल्यावर पूर्वेकडून हाकललेली माणसं आमच्याकडे आली. शाळेच्या एका वर्गात एक बाई तीन पोरं घेऊन राहायची. भुकेपायी तिनं बुंध्यावरची अळंबी शिजवली. आठवड्यात तिन्ही पोरं गेली, बाई तेवढी राहिली. पेट्या काकांनीच केल्या. सगळ्यांत धाकट्याची पेटी ते काखेत धरून चर्चपर्यंत घेऊन गेले, गाडी लागलीच नाही. त्यानंतर हा माणूस दोन हिवाळे दर शनिवारी जिल्ह्याच्या गावी जाऊन अळंबी शिकला आणि परीक्षा देऊन आला. तोवर त्यांनी लाकडाच्या मापांपलीकडे कसलंही पुस्तक उघडलं नव्हतं.

आता खोडअळंबीचं सांगते, कारण सगळा घोळ तिथला. बीचचं झाड मेलं, कापलं, की त्याच्या बुंध्यावर शरदात ती फुटते. एक-दोन नाही, शेकड्यांनी, एकीला एक चिकटून. टोपी दालचिनीच्या रंगाची, मध्यावर जरा फिकी. तिच्या सुपासारखं सूप नाही. पण देठ मात्र चामट, चावता चावत नाही. म्हणून आमच्याकडच्या बायका जंगलात कात्री घेऊन जायच्या आणि नुसत्या टोप्या कापून आणायच्या. देठासकट आणणारी बाई म्हणजे गबाळी, असंच समजायचे. माझ्या आईनं मला पाचव्या वर्षी कात्री हातात दिली होती.

आणि काकांना नेमका देठच हवा असायचा. "टोपी दोघींची सारखीच गं पोरी," ते म्हणायचे. दुसरी म्हणजे विषटोपी. "खरी ओळख खाली आहे. देठाला कडं असतं, त्याच्या खाली बघ. खवले खवले दिसले, तपकिरी, तर आपली. गुळगुळीत, रुपेरी दिसली, तर ती दुसरी. आणि दोघी एकाच बुंध्यावर मांडीला मांडी लावून बसतात. म्हणून प्रत्येकीचा देठ दाखव." देठ नसला तर टोप्या सरळ पायाशी ठेवलेल्या चुन्याच्या बादलीत. त्याच्यात अपील नाही. नाकारलेलं टोपलीत परत जात नाही, हा नियम.

बायका चिडायच्या. दोन तास जंगलात वाकायचं आणि याच्या चुन्यात ओतायचं! म्हणून बऱ्याच जणी खोडअळंबी त्यांना दाखवतच नसत. आमच्याकडे पक्की समजूत होती की बुंधा ओळखीचा असला की भीती नाही. प्रत्येक घराचा आपला बुंधा असायचा, त्याची जागा लग्नात सुनेला सांगायचे. माझ्या वडिलांनी मला त्यांचा बुंधा दिला होता. तीस वर्षं आम्ही तिथलं खात होतो आणि ठणठणीत होतो.

मग मी त्या रविवारी गेले कशाला त्यांच्याकडे? माझ्या नवऱ्यामुळे. एगॉन चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात भट्टीवर होता. त्याच्या खात्यातला एक जण उन्हाळ्यात कसलीशी अळंबी खाऊन महिनाभर दवाखान्यात पडला होता, तेव्हापासून एगॉननं धोशा लावला होता, "ओटमारला दाखवल्याशिवाय मी तोंडात घालणार नाही." सासूबाईंनीही त्याचीच री ओढली. म्हटलं, दाखवते बाई. साल त्र्याहत्तर, ऑक्टोबर. शाळेला बटाटे काढायची सुट्टी होती आणि आमची दोन्ही पोरं, नऊ वर्षांचा उवे आणि पाच वर्षांची हाइके, माझ्या बहिणीकडे गेली होती. हे देवाचेच उपकार.

शेडमध्ये सात-आठ जण रांगेत. काकांनी माझी टोपली रंधा मारायच्या बाकावर घेतली, फडकं उचललं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"काय रोझी, पुन्हा कात्री?"

"मग काय दातांनी तोडू?"

रांग हसली. मला रांग हसली की चेव यायचा.

"देठ दाखव."

"देठ बसलेत तिकडे बुंध्यावर. जा, भेटून या, वाट बघतायत तुमची."

"रोझी, मस्करी पुरे. देठ नाही तर मी काही सांगू शकत नाही."

"सांगायचंय कशाला? बुंधा माझ्या बापाचा आहे. तीस वर्षांत मेलंय का आमच्यात कोणी?"

"बुंधा बापाचा असेल. त्याच्यावर यंदा कोण येऊन बसलंय, ते तुझ्या बापानं सांगितलं का?" असं म्हणून ते बादलीकडे वाकले.

तिथं मी तोंड आवरायला हवं होतं. घरी जाऊन एगॉनला बटाट्याचे गोळे आणि रस्सा वाढला असता तर काय बिघडत होतं? पण नाही.

"ओता, ओता!" मी ओरडले. "गेल्या वर्षीही माझी टोपली ओतलीत. आणि दुसऱ्या दिवशी फ्रीडाकाकूंच्या चुलीवर सूप होतं, सगळ्या गल्लीला वास होता. लोकांचं काढून घ्यायचं आणि घरात आपण ओरपायचं! बरा धंदा आहे शिक्क्याचा!"

खोटं होतं ते. फ्रीडाकाकूंनी तेव्हा स्वतः आणलेली, देठासकटची अळंबी केली होती आणि मला वाटीभर दिलीही होती. पण रांगेत कुणीतरी शीळ घातली, कुणीतरी म्हणालं, "असं आहे होय ओटमार!" आणि सगळे खिदळले.

काकांचे कान लाल झाले. त्यांनी बादली पायानं बाजूला सारली. माझ्या टोप्या ओंजळी ओंजळीनं परत टोपलीत भरल्या, एकही खाली पडू दिली नाही. सगळे बघत होते. वहीत लिहिलं, 'परत दिली'. मग टोपली स्वतः उचलून माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले. तिथं दुसरं कुणी नव्हतं.

"हे उकिरड्यावर टाक," ते हळू आवाजात म्हणाले. "आजच. वर शेण घाल, म्हणजे कोंबड्या उकरणार नाहीत. हात दे."

मी हात दिला. आमच्याकडे हात दिला म्हणजे संपलं. गाय विकली जाते त्यावर, पोरीची सोयरीक होते. त्यांचा हात खरखरीत आणि गरम होता. माझ्या मनात तेव्हा होतं ते एवढंच, की म्हाताऱ्याची कशी जिरवली.

घरी आले तर एगॉन ओट्याशी बूट काढत बसला होता. पाळी आटोपून आलेला, भुकेला. टोपली बघून त्याचा चेहरा उजळला.

"ओटमारकडून आलीस?"

"हो."

"बघितली त्यानं?"

"बघितली."

दोन शब्द. त्यांतला एकही खोटा नव्हता. उकिरडा माझ्या पाठीमागे पंधरा पावलांवर होता. पण मला दाखवून द्यायचं होतं. मी मनात वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं : उद्या सकाळी कुंपणावरून म्हणायचं, काका, काल दोन वाट्या ओरपल्या, बघा अजून उभी आहे. या एका वाक्यासाठी मी कांदा चिरला.

सूप झकास झालं होतं, हे सांगायलाही जीभ जड होते. सासूबाईंचं पोट बरं नव्हतं, त्या पाव-दूध खाऊन पडल्या होत्या. मी चार चमचे घेतले. एगॉननं दोनदा मागितलं. पातेलं संपलं तेव्हा त्यानं माझ्या ताटलीकडे नजर टाकली, आणि मी माझी ताटली त्याच्याकडे सरकवली. प्रेमानं सरकवली हो. लग्नाला दहा वर्षं झाली होती आणि मला तो अजून आवडायचा.

पहाटे सुरू झालं. आधी त्याला, मग मला. ते वर्णन करत नाही. सोमवारी दुपारी दोघांनाही गाडीत घालून दवाखान्यात नेलं. मंगळवारी एगॉनला एकदम उतार पडला. उठून बसला, नर्सला म्हणाला, "बाई, एक बीअर मिळाली तर मी स्वतः चालत घरी जाईन." मी पलीकडच्या पलंगावरून हसले. म्हटलं, सुटलो.

त्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "कुणी तपासली होती का?"

मी म्हटलं, "ओटमार ऐखहॉर्ननी बघितली होती." पुढचं म्हणायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण एगॉन ऐकत होता, आणि तो बरा होत होता. म्हटलं, घरी गेल्यावर सांगू, रागावेल, मग हसेल.

बुधवारी त्याचे डोळे पिवळे झाले. त्या विषाची रीतच तशी, मध्ये एक दिवस माणसाला सोडून देतं आणि तेवढ्यात आतलं यकृत संपवतं. शनिवारी सकाळी तो गेला. शेवटी मला ओळखत नव्हता, कुठल्यातरी भट्टीचं दार बंद करा म्हणून सांगत होता.

मी घरी आले तोवर सगळं उरकलं होतं. जिल्ह्याची माणसं काकांकडे येऊन गेली होती. त्यांनी वही बघितली, रांगेतल्यांना विचारलं, सगळ्यांनी सांगितलं की ओटमारनं परत दिली, आम्ही डोळ्यांनी बघितलं. काकांना विचारलं, "परत दिलीत?" ते म्हणाले, "दिली. चूक माझी." फाटकापाशी काय झालं, ते बोललेच नाहीत. पाटी उतरली, शिक्का गेला. पुढे खटला झाला आणि वयाकडे बघून तुरुंग तेवढा टळला.

एगॉनच्या पेटीसाठी त्यांनी फळ्या तासायला घेतल्या होत्या. रंध्याचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात यायचा. सासूबाई तशाच घरातल्या चपलांनी गेल्या आणि त्यांच्या फाटकाशी उभ्या राहून गावाला ऐकू जाईल असं ओरडल्या, "आधी मारायचं आणि वर पेटीही तुझ्याच हातची? माझ्या पोराला हात लावशील तर खबरदार!" रंधा थांबला. पेटी शहरातून आणली. काकांचं दुकान त्या दिवशी जे बसलं ते पुन्हा उठलं नाही.

मला एक वाक्य बोलायचं होतं. एकच. रोज सकाळी ठरवायचे, आज बोलायचं. मग मनात यायचं, मला आत टाकतील, पोरं सरकारी अनाथाश्रमात जातील. पोरांचं नाव मी नेहमी पुढे करते. पण आता ऐंशीला टेकले, आता कुणाला फसवू? मी भ्याले होते. सासूबाईंना भ्याले, गावाला भ्याले, आणि गाव जे प्रेमानं माझ्या पाठीवरून हात फिरवत होतं, तो हात जाईल याला भ्याले.

अशी अकरा वर्षं गेली. लोक खिडक्या बनवून घ्यायला पलीकडच्या गावी जाऊ लागले. फ्रीडाकाकू बेकरीत आल्या की बायका गप्प व्हायच्या. आणि माझा उवे! त्यानं तीनदा काकांच्या शेडच्या काचा फोडल्या. तिन्ही वेळा काकांनी निमूट नवीन काच बसवली, लांबी भरली, तक्रार नाही. रोज सकाळी उवे शाळेला आणि पुढे लाकडाच्या गिरणीत कामाला जाताना त्यांच्या कुंपणाजवळून जायचा. काका तेव्हा अंगणात असायचे. त्याला बघितलं की टोपी उचलायचे, मोठ्या माणसासाठी उचलावी तशी. उवे थुंकायचा. बापाला मारणारा ना तो. मी खिडकीतून बघायचे आणि पडदा ओढायचे. पोराला एकदाही म्हटलं नाही, थुंकू नकोस.

एकदा मात्र कुंपणाशी गाठ पडली. पाऊस यायच्या बेतात होता. मी म्हटलं, "काका, मी—"

"तुझी लाकडं भिजतील, रोझी," ते म्हणाले. "आत घे." आणि घरात गेले.

चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरात ते गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रीडाकाकू माझ्या दारात उभ्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी खुर्ची दिली, कॉफी ओतली. त्या बसल्या नाहीत. पिशवीतून सरकत्या झाकणाची लाकडी पेटी काढून टेबलावर ठेवली, शाळेतल्या पोरांची पेन्सिलींची असते तेवढी.

"उघड."

आत वाळलेले देठ होते. पंचवीस-तीस. बरेच तपकिरी, खवल्यांचे. पण एका बाजूला, कागदाची पट्टी लावून वेगळे ठेवलेले नऊ देठ बारीक, फिके, गुळगुळीत. वर कात्रीचा सरळ काप. झाकणाच्या आत पेन्सिलीनं तारीख आणि खाली, 'रोझीच्या वडिलांचा बुंधा'.

"तुम्हाला गाडीतून नेलं ना, त्याच दुपारी हे त्या बुंध्याशी जाऊन आले, जागा यांना ठाऊक होती," काकू म्हणाल्या. "जिल्ह्याचे लोक यायच्या आधी. हे टेबलावर ठेवलं असतं, फाटकावरचा हात सांगितला असता, तर आमचं काही झालं नसतं. मी पाया पडले. म्हणाले, बाप वाचेलसं दिसत नाही, आईला नेलं तर पोरांनी कुठं जायचं? आणि म्हणाले, परत तर मीच दिली फ्रीडा, लोक हसले म्हणून दिली, ते खोटं नाही."

मी झाकण सरकवून पेटी बंद केली.

"मी त्यांच्याइतकी भली नाही," काकू म्हणाल्या. "मला तुझा राग येतो. रोज यायचा. बेकरीत पाव घेताना यायचा. आता तुझी पोरं मोठी झाली. उद्या अकराला दफन आहे. पेटी त्यांनी स्वतःच करून ठेवली होती, पण उचलायला चौघं लागतात आणि मला तिघंच मिळालेत."

त्या गेल्या. कॉफी तशीच राहिली.

उवे गिरणीतून आला, हात धुतले, जेवायला बसला. मी पेटी त्याच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. कात्री, रांग, काकूंच्या सुपाबद्दल बोललेलं खोटं, फाटक, उकिरडा, 'बघितली'. काही गाळलं नाही. त्यानं एक फिका देठ चिमटीत धरला. मला वाटलं, आता हात उगारेल. उगारला असता तर बरं झालं असतं.

"ते मला रोज टोपी उचलायचे, आई," तो म्हणाला.

"हो."

"आणि तू खिडकीत असायचीस. पडदा हलायचा. मला वाटायचं, तुला बाबांची आठवण येते म्हणून तू बघत नाहीस."

त्यानं ताट सारलं आणि बापाचा काळा कोट कपाटातून काढून ब्रशनं झाडायला घेतला.

दुसऱ्या दिवशी चौथा माणूस उवे होता. चर्चमधून कबरीपर्यंत गाव तोंडात बोटं घालून बघत होतं, एगॉनचा पोरगा ओटमारची पेटी उचलतोय! पेटी खाली उतरली. पाद्रीबाबांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, कुणाला दोन शब्द बोलायचेत का? कुणी बोलेना. उवेनं कबरीपलीकडून माझ्याकडे बघितलं. मी अख्ख्या आयुष्यात शब्दाला कधी अडले नव्हते, त्या दिवशी माझी जीभ टाळूला चिकटली. मग बोलले.

"ती अळंबी काकांनी फेकून द्यायला सांगितली होती. मी त्यांना हात दिला होता. घरी आले आणि शिजवली. काकूंबद्दल जे बोलले तेही खोटं होतं. काकांनी कुणाला मारलं नाही. माझ्या नवऱ्याला मी मारलं."

सासूबाई, तेव्हा ऐंशीच्या घरातल्या, काठी टेकत माझ्या जवळून निघून गेल्या. मग एकेक जण कबरीत मूठ मूठ माती टाकून परतला. सगळ्यांत शेवटी मी टाकली. फ्रीडाकाकू बाजूला उभ्या होत्या, त्यांनी मला थांबवलं नाही, इतकंच.

जिल्ह्याहून मग कुणी आलं नाही. इतकी जुनी गोष्ट उकरायला कुणाला वेळ नव्हता. तुरुंगाला मी अकरा वर्षं भ्याले, तो तुरुंग आलाच नाही. हाइकेही घर सोडून गेली, बरीच वर्षं बोलली नाही, पुढे कधीतरी पत्रं लिहायला लागली. बेकरीत मी गेले की बायका गप्प होतात, त्यांच्या मुलीही आता तशाच गप्प होतात. ते मला चालतं.

उवे त्याच महिन्यात सामान घेऊन बाहेर पडला. फ्रीडाकाकूंकडे शेडवरची खोली रिकामी होती, तिथं राहिला. काकू गेल्यावर ते घर त्याचंच झालं. तिथंच त्याचं लग्न झालं, तिथंच पोरं झाली. म्हणजे आमच्यामध्ये आजही नुसतं कुंपण आहे. रोज सकाळी तो अंगणात येतो आणि मी खिडकीत असते. आता मी पडदा ओढत नाही. तो माझ्याकडे बघतो, टोपी उचलतो आणि कामाला जातो. आई म्हणून हाक मारत नाही.